मी फक्त वजन सांगतो

मी अंगणवाडीतला जुना वजनकाटा बोलतोय. गोल तबकडीचा, खाली कापडी झोळी अडकवलेला. किल्ल्याच्या नव्हे, धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाकडच्या एका जंगलपट्टीतल्या गावात मला वाशाला टांगलं, तेव्हापासून मी तिथेच आहे. निम्मं गाव माझ्या झोळीत रडून मोठं झालंय. आता बटणांचा नवा काटा आलाय. मला खाली काढायचा मात्र सगळ्यांना कंटाळा!

फुलवंता आणि मनीरामची दुर्गा पहिल्यांदा झोळीत आली, तेव्हा फार हलकी होती. सेविका नंदाबाईंनी तिला वाढीच्या तक्त्यावर कमी वजनाच्या लाल पट्ट्यात मांडलं. लाल पट्ट्यातल्या लेकरांना इथे जादा खायला मिळायचं. पण हापशीवर बाया कुजबुजल्या, "मनीरामच्या घरी पोरीले खायलेच नाही." ते फुलवंताच्या जिव्हारी लागलं.

पुढच्या वजनाच्या दिवशी तिने दारातच दुर्गेला गळ्यापर्यंत पातळ पेज पाजली. पोट टम्म झालं, माझा काटा पुढे सरकला.

"पाहा बाई, भरली ना माही पोरगी!"

नंदाबाईही खूश झाल्या. जादा खाणं बंद झालं. मग दर महिन्याला हेच. झोळीत पाणीच जास्त आहे हे मला कळत होतं, पण मी फक्त वजन सांगतो. फार वाईट वाटायचं मला.

दुर्गा आता पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे नहराच्या रस्त्याने पळते, तेव्हा गावातली पोरंही मागे पडतात. फुलवंता इथेच मदतनीस आहे. गेल्या आठवड्यात दुर्गा भरतीहून थेट इथे आली आणि खिचडी शिजत होती त्या गंजाजवळ मटकन बसली.

"काय झालं वं?"

"पळूच नाही देलं, आई. उंचीतच काढलं. दोन बोटं कमी."

"तुहा बाप तं एवढा उंच. मंग तू काऊन अशी राहिली?" फुलवंता खरंच गोंधळली होती. "एक डाव सोडला तं कधी लालमंदी नोयती तू."

नुसत्या पेजेनेच असं झालं, असं मी कसं म्हणू? पण वाढायच्या दिवसांत तिच्या पोटात काय होतं, ते मी तोललंय. बायांनो, लेकरू उपाशी असेल तर तसंच आणा हो. चार जणी बोलतील, बोलू द्या.

लटकल्याने उंची वाढते, असं दुर्गेला कुणीतरी सांगितलंय. पुढची भरती गाठायची म्हणून रोज संध्याकाळी ती आईकडून किल्ली घेऊन येते आणि माझ्याच वाशाला दोन्ही हातांनी लोंबकळते. ओठ दाबून, दंड थरथरेपर्यंत.

पोरी, मी जन्मभर इथे लटकलोय, तसूभरही वाढलो नाही. पण तिला ते ऐकू जात नाही. हात सुटले की ती तळव्यांना माती चोळते आणि पुन्हा उडी मारते.