लाल दोऱ्याचा चार्जर

पडद्याला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं, तरी बिल वाढत होतं. काळी बटणं, एक डझन. काळी बटणं, दोन डझन. टॅब्लेट स्टँडवर एकटाच उभा होता. बटणवाल्या मावशी हात छातीशी घेऊन मागे सरकल्या होत्या आणि त्यांच्या दुकानापुढे निम्मा बाजार गोळा झाला होता. भाजीवाला गिऱ्हाईक तसंच सोडून आला होता. 

"बघा," मागून संथ आवाज आला. "काळंच मागतोय. दुसरा रंग नाही."

हा यंत्रबाबा. महिन्याभरापूर्वी त्यानं बाजाराच्या फाटकाशी टेबल मांडलं आणि त्यावर विकायला ठेवले 'जागृत' टॅब्लेट. "तुमचं यंत्र निर्जीव आहे," तो सांगे. "रिकाम्या घरात पाल शिरते, तसं निर्जीव यंत्रात कुणीही शिरतं. माझ्या यंत्रात ऊर्जा आहे, कंपनं आहेत, लहरी आहेत." मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. न समजता लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत हेच तीन शब्द असायचे, आणि मी त्यांना शून्य द्यायची. इथे लोक त्याला पैसे देत होते.

मावशींचं दुकान म्हणजे दोरे, लेस, चेन आणि शेकडो तऱ्हेची बटणं. सगळे भाव त्यांच्या यजमानांना तोंडपाठ असत. ते गेले आणि भावही त्यांच्याबरोबर गेले. शिवाय हल्ली गिऱ्हाईक कार्ड पुढे करतं, नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातं. तेव्हा सूनबाईनं टॅब्लेट घ्यायचं ठरवलं. ती माझी विद्यार्थिनी, प्रश्न विचारून डोकं खाणारी. तिनं ओळखीच्यांचे टॅब्लेट मागून आणले आणि भर उन्हात दुकानावर ठेवून कुठल्या पडद्यावरचं दिसतं ते पाहिलं. जो पसंत पडला तो नवा परवडेना, म्हणून सेकंडहँड घेतला. त्याची बॅटरी दुपारी मान टाकायची, एवढाच दोष. त्याला तळहाताएवढं कार्डाचं मशीन जोडलं आणि प्रत्येक बटणाचा फोटो पडद्यावर चढवला. मावशी महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या सुनेनं केलं हो."

आणि मग हे सुरू झालं. आधी चपलांच्या दुकानात, मग भांडीवाल्याकडे, मग इथे.

"मावशी, घरातला एक माणूस गेला," बाबा म्हणाला. "आता तो दुसऱ्याला बोलावतोय. मुलगा काय करतो तुमचा?"

"ट्रक चालवतो," मावशी म्हणाल्या.

बाबानं डोळे मिटले.  मावशींनी हात जोडले, तेव्हा त्यानं उपाय सांगितला. "हे यंत्र माझ्याकडे जमा करा. आणि ज्या हातानं ते आणलं, तो हात पुढच्या बाजाराच्या आत घराबाहेर गेला पाहिजे."

सगळ्या माना सूनबाईकडे वळल्या. हीच माणसं कालपर्यंत तिच्याकडून मशीन चालवायला शिकत होती.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. सूनबाईची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची मनाई होती. आत मावशी फोन कानाला लावून बसल्या होत्या. मुलानं उचलला नाही की पुन्हा लावायच्या.

"त्यांना फोन केला होता मी," सूनबाई नवऱ्याबद्दल म्हणाली. "म्हणाले, थोडे दिवस आई म्हणते तसं कर. आई त्यांची, बाई. माझं इथे कोण आहे?"

मला बाबाचा राग आला होताच, आता तिच्या नवऱ्याचाही आला. पण रागानं भूत उतरत नाही.

"नेमकं कधी होतं गं हे?" मी विचारलं.

"दुपारनंतर."

"सकाळी का नाही? तुझ्या सासऱ्यांना सकाळी काय काम असतं?"

ती हसली नाही. पण वर्गात बसायची तशी ताठ झाली. "सकाळी चार्जिंगला नसतो," ती सावकाश म्हणाली. "बॅटरी उतरली की लावतो."

"चार्जर कुठला?"

"बाबांनी वाटले होते. यंत्राला नजर लागू नये म्हणून, फुकट." तिनं पिशवीतून काढून दाखवला. पांढरा चार्जर, त्याला लाल दोरा बांधलेला. "चपलावाल्यांकडेही हाच. भांडीवाल्यांकडेही." मग तिला आठवलं. "बाई, ज्यांनी त्यांचा जागृत टॅब्लेट घेतला, त्यांना मात्र काळा चार्जर मिळाला. त्याला दोरा नाही."

टॅब्लेट अजून घरातच होता, एका फडक्यात बांधून माळ्यावर. आम्ही तो खाली काढला. तिचा जुना चार्जर लावला. काही नाही. मग लाल दोऱ्याचा लावला. जरा वेळ पडदा गप्प होता. मग आपोआप उघडला आणि कोपऱ्यात काळी बटणं मोजली जाऊ लागली. कारण ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते. दारात मावशी उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, किंकाळी दाबली आणि आत पळाल्या.

"आता सांगून पटायचं नाही त्यांना," सूनबाई म्हणाली.

"सांगायचं नाहीच. त्यांच्याच हातानं करायचं."

पुढच्या बाजारी सूनबाई बॅगेसह आली. संध्याकाळच्या गाडीनं ती जाणार होती. मावशी फडक्यातला टॅब्लेट आणि लाल दोऱ्याचा चार्जर घेऊन बाबाच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. गर्दी आधीच जमली होती.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचं यंत्र जागृत ना? त्यात कुणी शिरत नाही?"

"कुणाची छाती नाही."

"मग मावशी, तुमच्याकडचा चार्जर यांच्या टॅब्लेटला लावा. नजर लागू नये म्हणून यांनीच दिलाय, यांना कसली भीती?"

बाबाचा हात पटकन टेबलावर आला. "जागृत यंत्राला रक्षा लागत नाही."

"लागत नसेल, पण बाधत तर नाही ना?" हे चपलावाला म्हणाला. त्याचा टॅब्लेट बाबाकडे जमा झाला होता, आणि टेबलावर नव्या कव्हरात जो होता त्याच्या कोपऱ्यावरचा तडा चपलावाल्याला ओळखीचा वाटत होता.

मावशींनी टेबलावरचा काळा चार्जर काढून त्या जागी आपला लावला. आम्ही वाट पाहिली. मग जागृत यंत्राच्या पडद्यावर पानं आपोआप पलटू लागली, आकडे उमटू लागले. गर्दी मागे हटली.

"यंत्र कोपलंय!" बाबा ओरडला.

"मावशी, काढा," मी म्हटलं. त्यांनी काढला. यंत्र शांत. "लावा." पुन्हा कोप. "यांचा काळा लावा." शांत. "मृतात्म्याला चार्जरची इतकी पारख कशी हो?"

मग मी समजावून सांगितलं. पडद्याला बोट कळतं ते विजेच्या बारीक बदलावरून. हलक्या, सदोष चार्जरमधून येणारी वीज गढूळ असली की पडद्याला नसलेलं बोट लागल्यासारखं वाटतं. आणि काळीच बटणं का? ती सर्वांत जास्त खपतात, म्हणून सूनबाईनं ती पहिल्या चौकोनात, कोपऱ्यात ठेवली होती. नसलेलं बोट त्याच कोपऱ्यात पडत होतं. तिथे गुलाबी असती, तर भूत गुलाबी मागत बसलं असतं.

कुणीतरी हसलं. चपलावाला बाबाला धरायला वळला, तोवर खुर्ची रिकामी होती. टेबलाखालची पेटीही नव्हती. त्या पेटीत लाल दोऱ्याचे अजून किती चार्जर होते, कोण जाणे. उद्या कुठल्या तरी दुसऱ्या फाटकाशी तो टेबल मांडेल, आणि तिथेही कुणाची तरी सून असेल.

मावशींनी मला विचारलं, "बाई, माझा मुलगा सुखरूप येईल ना?"

"ते मी सांगू शकत नाही," मी म्हटलं. "रस्ता आहे, ट्रक आहे. पण तो येईल की नाही हे बटणांना कळत नाही, एवढं नक्की."

त्या दुकानाकडे वळल्या. टॅब्लेट स्टँडवर ठेवला. एक शिंपी कार्ड हातात घेऊन उभा होता, त्याला काळी बटणं हवी होती. मावशींनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तू घे गं."

सूनबाई लगेच हलली नाही. बॅग तिच्या हातातच होती. शिंपी ताटकळला, मावशी खाली मान घालून उभ्या राहिल्या. अखेर तिनं बॅग खाली ठेवली, दुकानाच्या आत नाही, बाहेर, आणि पहिल्या चौकोनावर बोट टेकवलं. ती बॅग आत जायला पुढे कितीतरी दिवस लागले, आणि त्यात मला काही नवल वाटलं नाही.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. यंत्र वेडंवाकडं वागलं तर आधी त्याची वायर काढून बघा. त्याला दोन क्षण लागतात, आणि चुकून काढली तर परत लावता येते. घरातून काढलेल्या माणसाचं तसं नसतं.