आधी तुम्ही

अलकाची नोकरी माझ्या हातात आहे असं कुणी म्हटलं असतं, तर मी हसलो असतो. मी कोण, तर बेळगावकडचा दामोदर, बंगळूरच्या एका सरकारी संस्थेत कायम झालेला साधा प्रोग्रॅमर. पण सदुसष्ट सालच्या त्या मंगळवारी तिची नोकरी खरंच माझ्या हातात होती. ती मी कशी घालवली ते सांगतो.

आमचं काम असं होतं: चार विमानं एकदम आली, तर त्यांनी आपापसांत ठरवून कसं उतरायचं. खाली हुकूम सोडणारा कुणी नाही, प्रत्येक विमानाला स्वतःचं डोकं. आमची फोरट्रान भाषा बिचारी एका वेळी एकच काम करणारी. तिच्यात चार डोकी बसवायची म्हणजे चौघांना आळीपाळीने विचारत राहायचं. अलकाने सहा महिने एकेक कार्ड पंच करून हे उभं केलं होतं. तिची जागा तात्पुरती. नरसिंहराव साहेबांनी बजावलं होतं, "मंगळवारी अकरा ते बारा मशीन तुमचं. विमानं उतरली तर अलकाबाईंना मुदतवाढ, नाहीतर काम बंद." काम बंद म्हणजे तिने निपाणीला परत जायचं आणि शाळेत अंकगणित शिकवायचं.

विमानांनी एकमेकांशी कसं वागायचं, तो नियम मात्र माझा. शेजारी दुसरं कुणी उतरायला आलं असेल, तर त्याला आधी जाऊ द्यावं. आमच्या घरी पंगतीत दुसऱ्याच्या आधी कुणी घास उचलत नसे, मला दुसरं काय सुचणार?

"सगळीच थांबली तर, अण्णा?" अलकाने विचारलं होतं.

"कुणीतरी पुढे होतंच," म्हणून मी तिला गप्प केलं.

कुणी पुढे झालं नाही. साडेअकरापर्यंत कागदावर चारी विमानं 'वेट', 'वेट' म्हणत घिरट्या घालत होती आणि इंधनाचा आकडा उतरत होता. शेवटी चौघांचंही इंधन संपलं. अलका रडली नाही.

"एकाला उद्धट करू या," ती म्हणाली. "पहिल्या विमानाने कुणाकडे बघायचंच नाही. ते उतरलं की त्याच्या मागचं पहिलं. एकच कार्ड बदलायचंय. मी आणते, तुम्ही मशीन सोडू नका."

ती खालच्या मजल्यावर पंचिंगच्या खोलीकडे धावली. अजून वीस मिनिटं होती, तेवढी पुरली असती. तेवढ्यात बाराची पाळी असलेले कृष्णमूर्ती कार्डांचा खोका घेऊन दारात आले. हुद्द्याने माझ्याहून मोठे, स्वभावाने सज्जन.

"स्वल्प लवकर आलो," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या, मी थांबतो."

"छे छे, या ना," माझ्या तोंडून निघून गेलं. "आधी तुम्ही."

"संपलं का तुमचं?"

"झाल्यासारखंच आहे."

"सरी, बरं तर," म्हणत ते मशीनच्या काचेच्या खोलीत गेले आणि कार्डं लावू लागले.

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड माझी आणि भीक दुसरीच्या पदरात. मी बाहेर उभा राहून स्वतःला शिव्या घालत होतो, पण पाय उचलत नव्हता.

अलका धापा टाकत आली. हातात नवं कार्ड. तिने काचेतून आत पाहिलं.

"सांगा ना त्यांना," ती म्हणाली. "अजून बारा मिनिटं आपली आहेत."

"आता कसं सांगायचं? बरं दिसत नाही."

मग ती स्वतःच आत गेली. ती बोलत होती, हात जोडत होती. कृष्णमूर्ती गोंधळले. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावून विचारलं, थांबू का? मी नुसती होकाराची मान डोलवायची होती.

मी हसलो. चारचौघांत हसतो तसं, तुमचं चालू द्या म्हणणारं. त्यांनी आपली कार्डं मशीनमध्ये सोडली.