बोक्याची नजर

कुत्र्याचं नाव बोक्या ठेवणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. दुकानातली शिस्त घरीही. स्टूल वीतभर सरकलं तरी यांचा जीव वर-खाली होतो.

बोक्याचं काळंभोर नाक गुलाबी पडायला लागलं तेव्हा आम्ही हसलो. मग ओठ पांढरे पडले, डोळे लाल झाले, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

"शरीराची राखण करणाऱ्या पेशीच काळा रंग बनवणाऱ्या पेशींवर उठल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो रंग डोळ्याच्या आतही असतो. गोळ्या थांबवू नका, नजर जाईल."

कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?

गोळ्यांनी लाली उतरली. पण बोक्या अधाशासारखा खाई, घरभर मुती आणि जिन्यात धापा टाकी. यांना ते बघवेना. एका सकाळी यांनी त्याला स्वयंपाकघरातून दारापर्यंत बोलावलं. तो कशालाही न धडकता, शेपटी हलवत गेला.

"बघ, ठणठणीत दिसतंय त्याला. कशाला ते विष चारायचं?"

"अहो, बाईंना विचारा तरी."

"रोज मी बघतो त्याला, का त्या?"

गोळ्या बंद झाल्या.

पुढे त्याचे डोळे ढगाळले. तो खाईना, कोपऱ्यात कण्हत पडून राही. पुन्हा दवाखाना. बाईंनी खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवली आणि यांना पलीकडून हाक मारायला सांगितली.

"बोक्या, ये रे!"

तो लगबगीने निघाला आणि थेट खुर्चीवर आदळला.

घरात तो पाठ झालेल्या वाटेने चालत होता. आमच्याकडे काही जागचं हलतच नाही, तिथे चालायला डोळे कशाला लागतात!

"आतला दाब वाढलाय, फार दुखतंय त्याला," बाई म्हणाल्या. "दोन्ही डोळे काढावे लागतील."

यांना चांगलं फाडून खावं असं वाटलं मला. पण केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या यांच्या हातांना बोक्याचा पट्टाही धड धरवेना. माझा राग कुठल्या कुठे गेला, नुसतं रडू कोसळलं.

हे फरशीवरच बसले. बोक्याने वास घेत यांचा हात शोधला आणि चाटायला लागला.

"बाई, गोळ्या मी बंद केल्या, हे कळलं असेल का हो त्याला?"

"छे, मुळीच नाही," त्या समजुतीने म्हणाल्या.

"कळायला हवं होतं," हे हुंदके देत म्हणाले. "मला चावला तरी असता."