एका पेटीतले दोन राऊटर

जामसंड्यात घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या इद्रीसला परशुराम आणि भिकाजी या भावांनी एकाच दिवशी बोलावलं, पण वेगवेगळ्या दारांनी. घर एक, मधोमध भिंत, बोलणं बंद. प्रत्येकाला स्वतंत्र राऊटर हवा होता. इद्रीसकडचे राऊटर खाऱ्या वाऱ्याने गंजलेले. उरला होता एक जुना कॉम्प्युटर. त्याने त्यातच दोन राऊटर बसवले, नुसते सॉफ्टवेअरचे, आणि पेटी ओटीवर बरोब्बर मध्यावर ठेवली.

"माझो खंयचो?" धाकट्या भिकाजीने विचारलं.

"आत आसा, काका. दिसाचो नाय."

"आणि तेचो?"

"तोय आतच."

भिकाजीचा चेहरा उतरला. "एकाच पेटयेत? मगे मधी गडगो घाल!"

इद्रीसने तो बांध घातला. प्रोसेसरचे निम्मे भाग थोरल्याला, निम्मे धाकट्याला. परशुराम आपल्या दारातून ऐकत होता. त्याला पेटीतल्या पंख्याचा वारा कोणाला जास्त लागतो, ते जाणून घ्यायचं होतं.

संध्याकाळी दोन्ही घरांत मालिका सुरू झाल्या आणि दोन्हीकडे अडकल्या. आत गडगा होता, पण बाहेर पडायचं दार, म्हणजे नेटवर्क कार्ड, एकच; दोन्ही राऊटर तिथेच खोळंबत.

"भावजींचो राऊटर आमच्याक वाट देणा नाय!" भिकाजीची बायको शर्मिला पेटीवर ओरडली.

इद्रीसने एक राऊटर बंद करून दाखवला. दुसरा सुसाट सुटला. दोघा भावांनी त्यातून एकच धडा घेतला: दुसऱ्याचा बंद हवा. पण विचारायचं कसं? शेवटी भिकाजी भिंतीलाच म्हणाला, "कोणाचो चालू आसा काय?"

"आता नाय," पलीकडून परशुरामने भिंतीलाच सांगितलं.

असं भिंतीला विचारत आळीपाळीने नेट वापरणं काही दिवस चाललं. मग भावांनी इद्रीसला पुन्हा बोलावलं. या वेळी दोघेही ओटीवर, पेटीच्या दोन बाजूंना बसलेले.

"आतलो गडगो काढ," परशुराम म्हणाला. "एकच राऊटर ठेव, पुरो प्रोसेसर तेकाच दी."

"आणि घरातलो गडगो?" इद्रीसने आशेने विचारलं.

"तो रवांदे," दोघे एकदम म्हणाले.

इद्रीसने एक राऊटर पुसून टाकला. वेग छान आला. तो उठणार, तेवढ्यात भिकाजीने त्याचा हात धरला. "खरा सांग, कोणाचो काढलंस?"

परशुरामही पुढे सरकला.

"दोघांचोय," इद्रीस म्हणाला, "अर्धो अर्धो."

भिकाजीने त्याचा हात सोडला. मग परशुराम समाधानाने म्हणाला, "वाटणी बरी केलंस."