अठरा नंबर

शाळेला सुट्टी लागली की मी बुधवारा मोहल्ल्यातल्या घराला कुलूप घालते आणि तुकईथड गावाच्या पलीकडे, मिशनच्या उन्हाळी शिबिरात येते. भिंती रंगवते, पोरांना गाणी शिकवते. पूर्वी पोरं पोहायची त्या डोहाभोवतीचं तारेचं कुंपणही मीच घालून दिलं. "ज्योत्स्ना मॅडमचा शिबिरावर फार जीव," असं पास्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. जीव आहेच. आमच्या घरी गणपती बसतो, पण माझ्या लहानपणीचे सगळ्यात सुखाचे दिवस इथे प्रार्थनेच्या घंटेवर गेले. मी येते ते मात्र त्यासाठी नाही.

इथे प्रत्येक पोराला नंबर असतो. शिट्टी वाजली की आपापला नंबर ओरडायचा. एकतीस वर्षांपूर्वी माझा नंबर सतरा होता, शारदाचा अठरा. मला नकला करायची भारी खोड. शारदाचा किनरा आवाज तर हुबेहूब काढायचे. त्या दुपारी डोहावरून निघताना ती म्हणाली, "तू मेरा नंबर बोल दे ना. मी अजून एक डुबकी मारून पळत येते."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्ही कोंबलेलो, कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. आम्हा पोरांना सांभाळणाऱ्या मालूबाई पुढे बसल्या होत्या, त्यांनी शिट्टी वाजवली. मी माझा नंबर बोलले आणि मग शारदाच्या आवाजात तिचाही. मोठी गंमत वाटली मला. ट्रॅक्टर निघाला. शारदा सापडली ती संध्याकाळी, डोहाच्या तळाशी.

मालूबाई बायबलवर हात ठेवून सांगत राहिल्या, "मी अठरा ऐकलं." कुणाचा विश्वास बसला नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नाही ऐकलं." मालूबाईंची शिट्टी काढून घेतली आणि त्यांना भांडी घासायला लावलं.

तेव्हापासून अठरा नंबर कुणालाच देत नाहीत. सतरानंतर पोरं जरा थांबतात, मग एकोणीस. त्या थांबण्यात मला दर वेळी आवाज ऐकू येतो. शारदाचा असता तर मी सोसला असता. तो माझा आहे, तिची नक्कल करणारा.

यंदा मालूबाई कायमच्या लेकीकडे, इच्छापुरला निघाल्या. जायच्या दुपारी मी पोरांची गिनती घेत होते, त्या पिशवी घेऊन शेजारी उभ्या होत्या. "सतरा!" एक पोरगी ओरडली. पोरं थांबली.

"इथं मले अजून तिचा आवाज येते," मालूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "मीच खुळी, दुसरं काय."

म्हणजे ही बाई स्वतःला वेडी समजून इथून जाणार होती. माझ्याच्याने राहवलं नाही.

"अठरा!" मी किनऱ्या आवाजात ओरडले.

पोरं खिदळली. मालूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"तू?"

"मीच. ट्रॉलीत पण मीच होते."

मी थोबाडीत खायच्या तयारीने उभी राहिले. खरं तर मला ती हवीच होती. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"मंग मी झूट नोती बोलली," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा, स्वतःशीच, "झूट नोती बोलली मी."

मग त्यांनी माझ्या गळ्यातली शिट्टी ओढून घेतली. "पास्टरले येऊ दे. सगळ्यांसमोर सांग." आणि एकतीस वर्षांनी मालूबाईंनी शिट्टी वाजवली, दम संपेपर्यंत.