लिफ्टवाल्या ताईंचं गणित

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. एका सुताराने मला जोडलं, रंगाऱ्याने काळ्या रंगाचे चार हात दिले आणि मी या कॉलेजात आलो. भौतिकशास्त्राच्या बाईंनी माझ्यावर तीस वर्षं लिहिलं. रोज दुपारी दोन ते तीन त्या जिन्याखालच्या या खोलीत बसायच्या. कोणीही यावं, काहीही विचारावं. "या फळ्यावर खडू कसा लोण्यासारखा चालतो!" असं त्या म्हणायच्या आणि मी फुलून जायचो.

मग वर्गावर्गात पांढरे, गुळगुळीत फळे आले. बाई निवृत्त झाल्या. माझ्यासमोर मोडक्या खुर्च्यांचा ढीग लागला. दारावरचा 'शंका विचारा, दोन ते तीन' हा कागद मात्र काढायचं कोणाला सुचलं नाही.

तो कागद वाचून एका मंगळवारी एक ताई आत आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, अंगावर दवाखान्याचा निळा गणवेश. तिथे त्या लिफ्ट चालवायच्या. आता त्यांना लिफ्ट दुरुस्तीचा अभ्यासक्रम करायचा होता. त्याची प्रवेश परीक्षा जवळ आली होती आणि वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती. तीन वाजेपर्यंत त्या वाट पाहत बसल्या. शेवटी शिपाईमामा डोकावले.

"ताई, इथे आता कोणी बसत नाही हो."

"मग विचारायचं कोणाला?"

मामांनी डोकं खाजवलं. खिशात खडूचा तुकडा होता, तो ताईंच्या हातावर ठेवला.

ताईंनी गणित माझ्यावर मांडलं. साठ किलोचा माणूस लिफ्टमधून वर चालला आहे. लिफ्टचा वेग सहा उणे दोन टी, टी म्हणजे वेळ. त्याला स्वतःचं वजन किती जाणवेल? वेगाचं विकलन, म्हणजे वेग बदलण्याचा दर, त्यांनी बरोबर काढलं, उणे दोन. मग थबकल्या. "लिफ्ट वर चाललीय, मग उणे कसं?" असं पुटपुटत त्यांनी ते चिन्ह बोटाने पुसून टाकलं. उत्तर आलं सातशे वीस न्यूटन; लिफ्ट थांबलेली असली तर ते सहाशे यायला हवं.

"छे!" त्या मामांना म्हणाल्या. "वरचा मजला जवळ आला की लिफ्ट मंदावते, तेव्हा पाय हलके होतात. दिवसातून शंभरदा अनुभवते मी. आणि हे गणित म्हणतंय, जड होतात! कुठेतरी चुकतंय."

चूक माझ्या अंगावरच होती, मित्रांनो. असं गणित बाईंच्या हातून सुटताना मी कितीदा पाहिलं होतं. पण फळ्याला तोंड कुठे असतं?

पुढच्या मंगळवारी एक तरुण सर ढिगातली एखादी धड खुर्ची न्यायला आले. ताईंनी त्यांना गाठलं. सरांनी उभ्याउभ्या नजर टाकली. "अहो, हे अगदीच प्राथमिक आहे. पुस्तकात बघा ना." ते गेले. पुस्तक ताईंच्या हातातच होतं, उघडून उघडून पानं सुटलेलं.

ताईंनी गणिताखाली लिहिलं, 'कृपया पुसू नये. चूक कुठे आहे, कोणी सांगेल का?' आठ दिवसांनी त्याखाली कोणीतरी 'सोडून द्या' असं लिहून हसरं तोंड काढलं होतं. ताईंनी रुमालाने तेवढंच पुसलं आणि गणित पुन्हा पहिल्यापासून सोडवलं. पुन्हा सातशे वीस.

निकालाच्या दिवशी त्या आल्या. "सहा गुणांनी हुकलं, मामा. लिफ्टचंच गणित आलं होतं. दहा गुणांना."

मामांनी स्टूल पुढे सरकवलं. "चहा घेता थोडा?"

"नको, ड्यूटी आहे."

त्यानंतर चार दिवसांनी बाई पेन्शनच्या कामासाठी कॉलेजात आल्या आणि सहज इथे डोकावल्या. गणित वाचताच त्यांचा हात खडूकडे गेला. "अरे, लिफ्ट वर जातेय, पण वेग घटतोय ना! म्हणून उणे," त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. एक छोटी रेघ. उत्तर चारशे ऐंशी. खाली लिहिलं, 'बाकी सगळं बरोबर. शाब्बास!'

"कोणाचं हो हे?" दारात आलेल्या शिपाईमामांना त्यांनी विचारलं.

"एका लिफ्टवाल्या ताईंचं. नापास झाल्या."

"नाव काय? कुठल्या दवाखान्यात असतात?"

मामा खाली बघू लागले. "ते विचारलंच नाही हो कोणी."

बाईंनी खडू माझ्या चौकटीच्या कडेवर ठेवून दिला. ताई काही परत आल्या नाहीत.

मित्रांनो, मला रंग द्या, नवी चौकट बसवा, असं माझं मागणं नाही. कोणी अडलेलं दिसलं, तर दोन मिनिटं थांबा आणि येतं ते सांगा. मला नुसतं थांबता येतं. तुम्हाला सांगताही येतं.