फळ्यावरचा आकडा

कार्तिकातल्या त्या दुपारी बुवांनी कीर्तनाच्या पूर्वरंगातच चंद्रावर निघालेल्या यानाला हात जोडले, आणि देवळातली माणसं अशी डोलली की तुकारामाच्या हातातली झांज आपसूक द्रुत लयीत गेली. अठ्ठावीस वर्षं तो बुवांच्या मागे उभा राहत होता. ताल म्हणून कधी चुकला नव्हता.

खिरापत वाटताना मात्र बाबलीने तोंड उघडलं. किनाऱ्यावरून दोर धरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या पन्नास जणांचा हा म्होरक्या. तुकाराम त्यांतलाच एक.

"चंद्रार जावक चारशे कोटी! आमच्यातल्या कितक्यांक काम गावला रे?"

"हजारोंना मिळालं," यतीन गुरुजी म्हणाले. "फिटर, वेल्डर, ड्रायव्हर. आणि उपग्रह मासळी कुठे आहे तेही सांगतो. तुकारामाच्या संजनाला नोकरी लागली ती त्यातूनच ना?"

"हां, एक नोकरी! तां चेडू रोज बंदरार फळो लिवता, ट्रॉलरवाले वाचून धावतत, मासो भायरच्या भायर उचलतत. आमची होडी थंय पोचता खंय? एका चेडवाक पगार, पन्नास जणांक उपास. बरो हिशोब, गुरुजीनू!"

कुणी हसलं, कुणी नाही. तुकारामाची खिरापत तळहातावरच राहिली. गणपतीपासून जाळ्यात धड मासळी नव्हती. घरची चूल संजनाच्याच पगारावर पेटत होती.

घरी येऊन तो हळूच म्हणाला, "गो, उद्या एक आकडो चुकव. एकच."

संजना भाकरी थापायची थांबली. "बाबानू, कीर्तनात तुमी एक ठोको मुद्दाम चुकवशात?"



सकाळी ती फळा लिहून चहाला वळली आणि तुकाराम पुढे झाला. मासळीपर्यंतचं अंतर होतं बत्तीस किलोमीटर. त्याने अंगठ्याने तीन पुसला, पाच काढला.

ट्रॉलर बावन्नवर गेले आणि रिकामे परतले. जाळलेलं डिझेल कुठून तरी भरून काढायचंच होतं. दिवस मावळता मावळता त्यांनी काठाजवळ, रापणीच्या पाण्यातच जाळी सोडली आणि तळ खरवडून नेला. बाबली वाळूत उभा राहून शिव्या घालत होता. तुकाराम खाली मान घालून दोर गुंडाळत होता.

ओरड संजनाच्या कचेरीत पोचली. दुसऱ्या दिवशी फळा पुसण्याआधीच साहेबाने तो आणि उपग्रहाच्या माहितीचा कागद ताडून पाहिला. त्या पाचाची लांब शेपटी संजनाने बघितली. पहिलीत तिची पाटी बापाच्या त्याच हाताने गिरवून घेतली होती.

"माझ्याकडून चूक झाली, साहेब," ती म्हणाली.

खिडकीबाहेर तुकाराम उभा होता. आत जाऊन दोन शब्द बोलायचे होते. पाय उचलला नाही. नोकरी गेली.

पुढच्या पहाटे रापण लागली. दोराला जो हात लावील त्याला वाटा मिळतो. कोण, कुठला, कुणी विचारत नाही. संजनाने पदर खोचला आणि बापाच्या मागे दोर धरला. पन्नासांत एक वाटेकरीण वाढली.

दोर ओढताना अभंग तुकारामच सांगायचा, बाकीचे मागून झेलायचे.

"तुकाराम, म्हण मरे कायतरी!" बाबली ओरडला.

तुकारामाने तोंड उघडलं. मागे, अगदी पाठीशी, संजनाचा धापा टाकणारा श्वास ऐकू येत होता. त्याला पहिली ओळच आठवेना.

दोर हलका येत होता.